एकोणीस तास

मला भीती वाटते ती दुपारची. अंधाराला, चोरांना, सापांना भिणारी माणसं मला सुखी वाटतात, कारण त्यांना दिवसाउजेडी तरी उसंत मिळते. माझी भीती दुपारी दीडच्या सुमाराला जागी होते, घरात फिरते, फ्रिज उघडून बंद करते, आणि दोन वाजता मोबाईलवर एक शब्द आला की गुपचूप बसते. तो शब्द म्हणजे 'खाल्लं'. पाठवणारी माझी मुलगी. ती चोवीस वर्षांची आहे, हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करते, स्वतःची गाडी स्वतः चालवते, आणि तरीही मी तिच्या जेवणाची वाट बघत बसते म्हणून माझ्या मैत्रिणी मला हसतात. हसू देत. त्यांच्या मुली उपाशी राहिल्या तर चिडचिड करतात. माझी उपाशी राहिली तर उठत नाही.

ही भीती कुठून आली ते सांगायचं तर आधी उंदरांबद्दल सांगावं लागेल.

नव्वदच्या दशकात माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून नोकरीला लागत होत्या आणि मी पीएच.डी.साठी पांढऱ्या उंदरांच्या यकृतामागे लागले होते. नातेवाईक विचारायचे, "मग याचं पुढे काय?" पुण्यात हा प्रश्न विचारत नाहीत, तोंडावर मारतात. मी सांगायचे की आपण जास्तीचा भात, पोळी, साखर खातो त्याची यकृत चरबी करून ठेवतं, ते काम कोण चालू करतं आणि कोण बंद करतं हे मी शोधते. "म्हणजे वजन कमी करायचं औषध?" असं विचारून ते पुन्हा वाटीभर श्रीखंड वाढून घ्यायचे.

खरं तर विषय सुंदर होता. चरबी बनवायला पेशीत पुष्कळ एन्झाइम राबतात, पण पहिल्या पायरीवर जे बसलेलं असतं त्याच्या हातात बाकी सगळ्यांच्या नाड्या. ते थांबलं की पुढचे सगळे हात बांधून बसतात. माझी चार वर्षं त्या एकाच एन्झाइमच्या लहरी सांभाळण्यात गेली. जेवलं की रक्तात इन्सुलिन वाढतं, मग एन्झाइमला चिकटलेला फॉस्फेटचा तुकडा गळून पडतो, सुटे पडलेले त्याचे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात आणि कामाला लागतात. भूक लागली की फॉस्फेट पुन्हा चिकटतो, साखळ्या तुटतात, काम बंद. चरबी फार साठली तर तीच उलटी येऊन त्याला गप्प बसवते. हे सगळं मिनिटांत होतं. उपास दिवसभराहून लांबला तर मात्र पेशी ते एन्झाइम तयार करणंच कमी करते, आणि पुन्हा खायला मिळालं की दामदुपटीनं करते.

आणखी एक गोष्ट होती, मला सगळ्यात आवडणारी. या एन्झाइममधून जो पदार्थ बाहेर पडतो तो एका दारावर पहारा करतो. पेशीत चरबी जाळायची भट्टी असते, त्या भट्टीच्या दारावर दुसरं एक एन्झाइम असतं. चरबी बनत असते तेव्हा हा पदार्थ जाऊन ते दार लावून टाकतो. एकीकडे बनवायची आणि दुसरीकडे तीच जाळायची, असला मूर्खपणा शरीर करत नाही. मग भूक लागते, बनवणं थांबतं, पहारेकरी संपतो, दार उघडतं, साठवलेली चरबी जळते. त्यातून जे किटोन निघतात त्यांच्यावर उपाशी मेंदूचं भागतं. माणूस उपास करू शकतो तो या दारामुळे. माझ्या प्रबंधातल्या तिसऱ्या आकृतीत मी ते दार काढलं होतं, पट्टी धरून, काळ्या शाईनं.

प्रयोगाची रीत ठरलेली होती. उंदरांना अठ्ठेचाळीस तास उपाशी ठेवायचं. त्यातल्या निम्म्यांना मग दोन दिवस साखर आणि पीठ पोटभर द्यायचं. ठरल्या तासाला त्यांना मारून यकृत बर्फावर काढायचं आणि एन्झाइम मोजायचं. आमचे सर म्हणायचे, "एकादशी अन् दुप्पट खाशी, एवढाच आपला सिद्धान्त आहे. बाकी इंग्रजी."

उंदरांची खोली सांभाळणारे मामा धायरीचे होते. धायरी तेव्हा निम्मं गाव होतं, निम्म्या इमारती. त्यांना आमचा प्रयोग मुळीच पटत नसे. एकदा उपाशी उंदरांचे आकडे वेडेवाकडे आले, म्हणजे एन्झाइम थांबलेलं असायला हवं होतं आणि ते जोरात चाललेलं. मी पिंजरे तपासले तर भुश्शात भाकरीचा चुरा. मी मामांवर एवढी ओरडले की शेजारच्या लॅबमधले लोक बाहेर आले. मामा खाली बघत उभे होते. मग म्हणाले, "मुकं जनावर हाय ताई. तुमी कागदावर बघता. माझ्याकडं ते टकामका बघत बसतंय."

"तुम्हाला यातलं काही कळत नाही मामा. उपाशी राहून काही होत नाही त्यांना. आतली चरबी जळते."

"आसंल," मामा म्हणाले.

एवढा आत्मविश्वास मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

माझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि प्रबंध तसाच राहिला. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. दोन हजार साल उजाडताच जगभरातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी तेव्हा सगळ्यांना भीती होती आणि ते दुरुस्त करायला पुण्यातली पोरं विमानं भरभरून अमेरिकेला जात होती. माझाही नवरा गेला. आम्ही धायरी फाट्याजवळ नवीन फ्लॅट घेतला होता, त्यात मी, दीड वर्षाची मुलगी आणि तिला सांभाळायला आलेली माझी आई, अशा तिघी राहत होतो. आईला नवीन वस्तीचा राग होता. शिंगाड्याचं पीठ आणि बरी रताळी फक्त मंडईतच मिळतात असं तिचं मत, आणि त्यासाठी ती दोन बस बदलून जायची. ही खरेदी तिच्या उपासांची. दोन्ही एकादश्या, चतुर्थी, सोमवार. मी तिला म्हणायचे, "माझे उंदीर तुझ्यापेक्षा सुखात आहेत." ती म्हणायची, "त्यांना मोक्ष नको असेल."

त्या दिवशी सकाळी माझे उंदीर अठ्ठेचाळीस तास पूर्ण करणार होते. आदल्या संध्याकाळी सहा वाजता मुलीनं वरणभात खाल्ला आणि तासाभरात सगळा उलटून टाकला. नंतर आणखी दोनदा. अंग किंचित कोमट होतं. आई म्हणाली, "पोट बिघडलंय. लंघन घालू. पोटाला विश्रांती मिळाली की सकाळी आपोआप ठीक होईल." आमच्या घरात पोट बिघडलं की हेच होतं. मीही अशीच वाढले, माझा भाऊही. लंघनासारखं औषध नाही, हे वाक्य मी पाळण्यात ऐकलेलं. मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मनात आकृती क्रमांक तीन आली. दार उघडेल, चरबी जळेल. दीड वर्षाच्या गुबगुबीत मुलीकडे चरबी पुष्कळ होती.

सकाळी मी निघाले तेव्हा ती झोपलेलीच होती.

साडेनऊला लॅबच्या ऑफिसातल्या क्लार्कनं हाक मारली. आईचा फोन. माझे हात बर्फात होते, पहिलं यकृत नुकतंच काढलेलं, आणि एकदा सुरू केलं की थांबता येत नाही. मी रिसीव्हर खांद्यानं कानाला दाबून धरला.

"उठून बसली आहे," आई म्हणाली. "मम्मं मम्मं करतेय. थोडं साखरपाणी देऊ का? लिंबू पिळून?"

"नको," मी म्हणाले. "पुन्हा उलटी होईल. लंघन म्हणजे लंघन. झोपव तिला."

"दोन चमचे तरी?"

"आई, मी कामात आहे गं. दुपारी आल्यावर मी पेज देते. झोपू दे तिला."

आईनं फोन ठेवला. हा संवाद मी इथे जसाच्या तसा लिहिला आहे. तो मला विसरता आलेला नाही, आणि अक्षर बदलण्याचा हक्कही मला नाही.

एक वाजता दुसरा फोन आला. या वेळी क्लार्कनं हाक मारली नाही, तो धावत आला. आईचा आवाज इतका हळू होता की मला तो तिचा वाटलाच नाही. "ती उठत नाहीये गं," ती म्हणाली. "मी हलवून बघितलं. घाम आलाय. उठत नाहीये."

रिक्षात मी काय केलं ते आठवत नाही. दांडेकर पुलाशी सिग्नल लागला तेव्हा मी रिक्षावाल्याच्या पाठीवर मुठीनं मारत होते एवढं आठवतं. शेजारच्यांच्या गाडीतून आईनं मुलीला हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. मी पोचले तेव्हा ती टेबलावर होती. हात लोंबत होता. मुलं झोपेतसुद्धा मूठ अर्धवट मिटलेली ठेवतात. तिची मूठ उघडी होती.

डॉक्टर बाई वयस्क होत्या, केस पांढरे, आवाज शांत. त्यांनी मला एकच विचारलं. "शेवटचं कधी खाल्लं?"

"काल संध्याकाळी सहा."

माझ्या डोक्यानं हिशेब न सांगता केला, कारण चार वर्षं ते दुसरं काहीच करत नव्हतं. एकोणीस तास. माझ्या उंदरांच्या निम्मेसुद्धा नाहीत.

रक्तातली साखर अठ्ठावीस होती, सत्तरच्या वर हवी असते ती. शीर सापडेना. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा पायाला मिळाली, आणि ग्लुकोज सुरू झालं. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ती मला तेव्हा कळली नाही, ती सरकली थोड्या वेळानं. एक तरुण डॉक्टर लघवीची पट्टी हातात घेऊन आला आणि मला धीर द्यायला म्हणाला, "घाबरू नका मॅडम, किटोन अजिबात नाहीत. म्हणजे चांगलंच आहे ना?"

चांगलं? एकोणीस तास उपाशी असलेल्या मुलीच्या लघवीत किटोन भरभरून हवे होते. किटोन नाहीत म्हणजे चरबी जळलीच नाही. चरबी जळली नाही म्हणजे दार उघडलंच नाही. साखर संपली, दार बंद, आणि आत माझं मूल. त्या कॉरिडॉरमध्ये बसलेल्या दहाबारा आयांपैकी त्या कोऱ्या पट्टीचा अर्थ फक्त मला कळत होता. शिक्षणाचा असा उपयोग शत्रूलाही होऊ नये. मी भिंतीला टेकून खाली बसले.

आई तिथंच बाकावर होती. मुलीचं टोपरं दोन्ही हातांत धरलेलं. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं लंघन. मारली असतीस तिला."

आईनं माझ्याकडे बघितलं. साडेनऊचा फोन तिच्या डोळ्यांत होता, मला स्पष्ट दिसला. ती म्हणाली, "हो."



मुलगी दोन तासांनी उठली, रडली, आणि "मम्मं" म्हणाली. डॉक्टर बाईंना तिचं यकृत हाताला मोठं लागलं होतं. मी त्यांना माझी शंका सांगितली, तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, त्या एन्झाइमचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे इथं कोणी तपासून देणार नाही. बाहेर पाठवू." रक्ताचे चार थेंब जाड कागदावर वाळवले. नवऱ्याच्या कंपनीतला एक जण त्याच आठवड्यात अमेरिकेला चालला होता, त्याच्या बॅगेत, कोऱ्या करकरीत पाकिटात माझ्या मुलीचं रक्त गेलं. महिन्याभरानं उत्तर आलं ते नवऱ्याच्या ईमेलवर. तो फोनवर एकेक अक्षर वाचत स्पेलिंग सांगायला लागला. निम्म्यात मी त्याला थांबवलं. ते नाव मला पाठ होतं. आकृती क्रमांक तीन, पट्टी धरून काढलेलं दार. पहारेकरी असो की नसो, माझ्या मुलीचं ते दार मुळात उघडतच नव्हतं.

यावर औषध नाही, फक्त नियम आहे. उपाशी राहायचं नाही. कधीच नाही. दर चार तासांनी खायचं, रात्रभर साखर हळूहळू मिळत राहावी म्हणून झोपायच्या आधी कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून प्यायचं, आणि उलटी सुरू झाली तर हॉस्पिटल, ग्लुकोज, घड्याळ न बघता. कॉर्नफ्लोअर शिजवायचं नाही हे आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिनं जन्मात कोणाला कच्चं पीठ दिलं नव्हतं. पण तिनं एका शब्दानं वाद घातला नाही. रोज चमच्यानं ढवळताना ती वाटीत असं बघायची, जणू त्या पांढऱ्या पाण्यात कुठं काही चूक दिसली तर तीच पकडणार.

महिन्याभरानं मी लॅबमध्ये गेले. मामा पिंजरे धूत होते. मला वाटलं, आता हे म्हणणार. मुक्या जनावरांचा शाप, तळतळाट, काहीतरी. खरं सांगते, ते म्हणाले असते तर मी मानलं असतं. घाबरलेल्या माणसाचं विज्ञान फार पातळ होतं. मीही मनातल्या मनात उंदरांची माफी मागितली होती, आणि एका मंगळवारी चक्क नारळ फोडून आले होते. मामांनी हात पुसले आणि विचारलं, "पोर जेवली का ताई?"

त्यानंतर मी एकही उंदीर उपाशी ठेवला नाही. होते तेवढे आकडे जोडून प्रबंध दिला. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्या आकृतीवर बोट ठेवून विचारलं, "याचं व्यवहारात महत्त्व काय?" मी तोंड उघडलं आणि रडले. सर म्हणाले, "उत्तर पुरेसं आहे." पदवी मिळाली, आणि मी इतरांसारखा कोर्स करून सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला लागले. लोकांच्या प्रोग्रॅममध्ये कुठं काय बिघडू शकेल हे शोधायचं काम. मला ते छान जमलं. काय काय बिघडू शकतं याचाच विचार मी दिवसभर करत असे, आता त्याचा पगार मिळायला लागला.

आईचे उपास हॉस्पिटलच्या त्या दिवशी सुटले ते सुटलेच. एकादशी आली, तिनं पोळीभाजी खाल्ली. मावशीनं फोनवर विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय." कोणत्या डॉक्टरांनी, हे मी विचारलं. ती म्हणाली, "घरात कोणी उपाशी बसलंय हे त्या पोरीला दिसता कामा नये. उद्या ती पण बसेल." चाळीस वर्षांची एकादशी. तिनं ती मोडली आणि त्याचं एकदाही कौतुक करून घेतलं नाही. मोक्षाचं काय, असं मी एकदा चिडवलं. "बघू," ती म्हणाली. "तुमच्या उंदरांच्या रांगेत उभी राहीन."

मी तिला कधी म्हणाले नाही की फोनवर नको म्हणणारी मी होते. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं की तिला माहीत आहे, आणि आम्ही एकाच ओट्याशी वर्षानुवर्षं उभ्या राहिलो. सुरुवातीला वाटायचं, उद्या बोलू. मग वाटायला लागलं की आता उकरून काय उपयोग. खरं कारण भीतीच. मुलगी हातची जाईल ही भीती तर होतीच, तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली होती. मुलीला कधीतरी कळेल.

मुलगी नऊ वर्षांची असताना सोसायटीतल्या मैत्रिणींनी हरतालिकेचा उपास करायचं ठरवलं. पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणे. ही शाळेतून आली आणि तिनं डबा तसाच भरलेला ओट्यावर ठेवला. साडेतीन वाजले होते. सकाळी आठनंतर पोटात काही नाही. मी घरून काम करत होते त्या दिवशी, हे नशीब. मी तिचा दंड धरून तिला खुर्चीत बसवली आणि साखरपाण्याचा पेला तोंडाला लावला. ती तोंड फिरवत होती, मी ओरडत होते. "एकदा उपाशी राहून मरायला टेकली होतीस तू! माहीत आहे का?"

पेला निम्मा सांडला. ती रडायची थांबली आणि तिनं विचारलं, "मला कोणी ठेवलं होतं उपाशी?"

आई खाली बसून कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी," ती म्हणाली. "आता पी ते."

मुलीनं प्यायलं. मी पुढे व्हायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी फडकं आणलं आणि सांडलेलं पुसायला लागले, आणि फरशी कोरडी झाल्यावरही पुसत राहिले. त्या दिवसापासून मुलीच्या लेखी ती गोष्ट ठरून गेली. आजीनं जुन्या समजुतीनं लंघन घातलं, आईला कळलं म्हणून जीव वाचला. आजीवर तिचं प्रेम कमी झालं नाही, उलट वाढलं असेल. पण गोष्ट तीच राहिली.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात तिला अन्न जाईना. मी चमच्यानं पेज भरवायला गेले तर तिनं ओठ मिटून घेतले आणि हसली. "आता लंघन," म्हणाली. ते वाक्य तिनं गमतीनं म्हटलं की कशानं, हे विचारायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात मुलीला मोठ्यांच्या एका नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जुना इतिहास विचारला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सराईतपणे सांगितलं, "दीड वर्षाची होते, आजीनं लंघन घातलं होतं." डॉक्टर हसले. "आजी लोकांपासून देव वाचवो," म्हणाले. मुलगीही हसली. माझी आई गेलेली, उत्तर द्यायला खोलीत नाही, आणि तिच्या नावावर माझा गुन्हा लिहून घेतला जात होता. डॉक्टरांचं पेन चालताना मला दिसत होतं.

परत येताना राजाराम पुलाशी गाड्या अडकल्या होत्या. मुलगी गाडी चालवत होती. मी समोर बघत सगळं सांगितलं. साडेनऊचा फोन, लिंबू पिळून साखरपाणी, दोन चमचे तरी, लंघन म्हणजे लंघन. हॉस्पिटलात मी आईला काय म्हणाले तेही. हरतालिकेचं तिला स्वतःलाच आठवत असणार. पुढची गाडी हलली, तिनं गिअर टाकला. घरी येऊन मुकाट्यानं जेवली, कॉर्नफ्लोअर प्यायली, दार लावून झोपली. सकाळी मी उठायच्या आत ऑफिसला गेली होती. डबा मात्र नेला होता, ते मी आधी बघितलं.

त्या दुपारी दीड वाजला. मग दोन. मोबाईल गप्प. दोन दहा. मी फोन लावला नाही, कारण आता मला कोणता हक्क आहे असं वाटत होतं. दोन वीसला लावला, तिनं उचलला नाही. दुधानं तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात, पण मला तर समोर दूधच दिसत होतं. ती टेबलावर डोकं ठेवून बसलेली, शेजारच्यांना वाटतंय झोपली, आणि तिची मूठ उघडी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी आई म्हणून हाक मारली, मोठ्यानं, रिकाम्या घरात. कोणाला मारली ते मला माहीत होतं.

दोन सत्तेचाळीसला मोबाईल वाजला.

"खाल्लं. मीटिंग लांबली, फोन बाहेर ठेवला होता. आजी म्हणायची, त्या दिवसाबद्दल आईला कधी काही विचारू नकोस, ती आधीच फार घाबरलेली असते. म्हणून विचारलं नाही. तू खाल्लंस का?"

मी ते तीनदा वाचलं. मग घड्याळ बघितलं आणि सवयीनं तास मोजले. शेवटचं मी आदल्या संध्याकाळी खाल्लं होतं, त्या डॉक्टरांकडे जाण्याआधी, सहाच्या सुमाराला. माझे वीस झाले होते आणि चाललेले होते. माझं दार उघडतं, म्हणून मी उभी होते. मी ओट्याशी गेले, वाटीभर पाण्यात साखर घातली, लिंबू पिळलं, आणि दोन चमचे प्याले.